दिवसाला एक मिलिमीटर

— "काच निसटली तर हात मागे घ्यायचा नाही." हाच ना? दारातच ऐकवला ना काकांनी? माणूस आत पाय टाकतो न टाकतो तोच हा नियम तोंडावर. आणि वर, "का, कशाला, असं विचारायचं नाही, बाकीचं आमची पुतणी समजावेल." ती पुतणी मी. बसा ताई — त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय डुगडुगतो, वर्षभर "उद्या बघू" चाललंय — इथे बसा, या लाकडी खोक्यावर. पिशवी मांडीवरच ठेवा, खाली काचेचा चुरा असतो. आधी शिवणाच्या कारखान्यात होतात ना? मग हात चांगला असणार तुमचा. तेच तर. हात चांगला आहे म्हणूनच बोलतेय, नाहीतर मला सांगितलेलं काम एवढंसं आहे. हे दाखवायचं. हा मनगटावरचा व्रण. दाखवायचा आणि म्हणायचं, "बघा, मी काच पडू दिली नाही." बास. मग काका आणि आजोबा मागच्या दाराला गाडीतला माल बघून आले की तुमची पहिली काच. म्हणजे काय, सांगितलं नाही त्यांनी? आमच्याकडे नव्या माणसाने पहिली काच आजोबांबरोबर उचलायची. एक टोक त्यांच्या हातात, एक तुमच्या. त्या रॅकपासून या टेबलापर्यंत, बारा पावलं. नीट पोचली की तुम्ही कामावर. साधं वाटतं ना? पंधरा मिनिटं आहेत आपल्याकडे. तेवढ्यात माझं ऐकून घ्या.

नियम आजोबांचा. चाळीस वर्षांत या जमिनीवर अख्खी काच पडलेली नाही, असं ते सांगतात, आणि काका मान डोलावतात — काका साठीला आले तरी अजून मानच डोलावतात. हातमोजे? नाव काढू नका. "मोज्यातून काच कळत नाही." तळहात दाखवतील तुम्हाला, बघाल. ही रेघ शाळेच्या खिडकीची, ही दवाखान्याच्या दाराची, ही कोणाच्या तरी आरशाची. लोक फोटोंचा अल्बम उघडतात तसे हे हात उघडतात. आणि लहानपणी मी त्या हातांकडे डोळे फाडून बघायचे हो, खोटं कशाला बोलू. मला वाटायचं, आपल्या हातावर एवढं कधी येणार! मोठी झाल्यावर वाचलं, की या धंद्यात बाकीचे लोक पहिल्या दिवशी नेमकं उलटं शिकवतात — निसटली तर सोडा, हात वर, पाय मागे, काच दुसरी मिळते. छापील कागद आणून दाखवला मी. काका म्हणाले, "हे भित्र्यांसाठी असतं." आजोबा म्हणाले, "कॉलेजात जाऊन एवढंच शिकलीस?" झालं. आमच्याकडे विषय असेच संपतात. कोणी चूक ठरत नाही, कोणी बरोबर ठरत नाही, मोठी माणसं उठून हात धुवायला जातात.

दहा महिने झाले. टेबलावर टाकायची जाड काच होती, माझ्या उंचीएवढी. एका टोकाला आजोबा, एका टोकाला मी. सातव्या-आठव्या पावलाला काकांनी दारातून हाक मारली, आजोबांनी मान वळवली, आणि — निसटली. माझा हात मागे नाही गेला, ताई. खाली गेला, काचेच्या खाली! त्या क्षणाला विचार कोण करतं? पाच वर्षांची असल्यापासून कानात ओतलेलं ते हातात उतरलेलं असतं. कड इथे बसली, मनगटावर, करंगळीच्या बाजूला. तरी मी ती गुडघ्यावर झेलून धरली. काका धावत आले, आणि पहिला शब्द काय काढला असेल? "वाचली!" मला वाटलं, मला म्हणताहेत. काचेला म्हणत होते! आज ती कुठल्यातरी ऑफिसात टेबलावर पडलीय, तिच्यावर कोणीतरी चहाचा कप ठेवत असेल. तिला ओरखडाही नाही.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी टाके घातले. कातडीला. बोटं मिटतात का? मिटतात. मग चला, पुढचा पेशंट. बाराव्या दिवशी टाके निघाले आणि काका म्हणाले, "झाली की बरी." आता बघा, कातडी फार वरवरची गोष्ट आहे. ती दोन आठवड्यांत जुळते, छान गुलाबी होते, आणि बघणाऱ्यांना वाटतं माणूस बरा झाला. खाली मज्जातंतू तुटलेला, सरळ दोन तुकडे. करंगळी आणि शेजारच्या बोटाची अर्धी बाजू — काही नाही. टाचणी टोचा, चिमटा काढा, काही नाही. दुसऱ्या कोणाची तरी बोटं माझ्या हाताला चिकटवल्यासारखी. काका म्हणे, भूल उतरली नसेल अजून. तीन आठवड्यांनी भूल! मग म्हणे, शीर दबलीय. मग म्हणे, कामाला लाग, काम केलं की हात मोकळा होतो. आणि गिऱ्हाईक आलं की मला बोलवायचे. "दाखव गं." मी दाखवायचे. काका पाठ थोपटायचे — माझी नाही, आजोबांची. "तुमचं रक्त आहे, दादा." वडिलांना दादाच म्हणतात ते.

ओळखलं कोणी? आमच्या जीवशास्त्राच्या मॅडमनी. कागद देता-घेताना माझ्या हातातून दोनदा सुटला. त्यांनी हात हातात घेतला. ही दोन बोटं तेव्हाच आकड्यासारखी वळायला लागली होती, आणि अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये मांसाचा उंचवटा असतो ना — तुमचा बघा, भरलेला आहे — माझा इथे खड्डा. त्यांनी कागदाची एक पट्टी फाडली. म्हणाल्या, ही अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बाजूत धर, अंगठा सरळ ठेव, मी ओढते. ओढली. अंगठा आपला आपण वाकला. डाव्या हाताचा नाही वाकला, उजव्याचा वाकला, कारण ज्या स्नायूने धरायचं तो मेल्यासारखा पडलेला आणि दुसराच स्नायू त्याचं काम उसनं करत होता. कागदाची पट्टी हो! ना मशीन ना सुई! साडेतीन महिने दोन अनुभवी माणसं माझा व्रण लोकांना दाखवत फिरली, आणि वहीच्या एका पट्टीने सांगितलं की हात गेलाय. दुसऱ्या दिवशी मॅडमच मला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या.

तिथे सर्जननी हात उघडला, तेव्हा आत काय सापडलं सांगू? मला नंतर चित्र काढून दाखवलं त्यांनी. तुटलेला मज्जातंतू मरत नाही, ताई. म्हणजे खालचा तुकडा मरतो, पण वरचा जिवंत असतो, कारण त्याची मूळ पेशी इथे, पाठीच्या कण्याशी, सुखरूप बसलेली असते. तिथून मनगटापर्यंत एकच अखंड धागा, विचार करा! आणि तो धागा तुटला की थोडे दिवस गप्प राहतो आणि मग पुन्हा वाढायला लागतो. स्वतःहून. कोणाची परवानगी न विचारता. माझाही लागला होता. ते साडेतीन महिने तो रोज वाढत होता! फक्त समोर वाट नव्हती. दुसरं टोक आत सरकलेलं, मध्ये व्रणाची भिंत — जाणार कुठे? स्वतःभोवतीच वळत राहिला. त्याची झाली गाठ, वाटाण्याएवढी. ती सगळी वाढ कापून ताटलीत टाकायला लागली. माझी साडेतीन महिन्यांची मेहनत, ताटलीत! आणि मग मध्ये तीन सेंटीमीटरची फट उरली, ती भरायला पायातून तंतूचा तुकडा काढला, पोटरीतून. आता पावलाची बाहेरची कड बधिर आहे माझी, कायमची. वेळेत गेले असते तर बहुतेक टोकाला टोक जोडून भागलं असतं. पण वेळेत कोण नेणार? व्रण तर छान दिसत होता ना!

आणि खालचा जो भाग मेला, तो काय करतो माहितीये? मला तर अजून वाचताना भरून येतं, आणि मी काही रडणाऱ्यांतली नाही. आतले धागे मरतात, पण त्यांच्याभोवतीच्या ज्या पेशी असतात त्या राहतात. त्या आधी सगळा कचरा साफ करवून घेतात, मेलेल्या धाग्यांचा, झाडून पुसून. मग एकामागे एक रांगेत उभ्या राहतात, नळी असावी तशी, आणि रसायनं सोडतात, म्हणजे वरून येणाऱ्या टोकाला कळावं की इकडे, इकडे ये. आणि ते टोक चाचपडत येतं, त्याला बारीक बारीक बोटं असतात, पुढे टाकायची, बघायचं, मग सरकायचं. दिवसाला एक मिलिमीटर. साधारण हं, कधी कमी, कधी जास्त. नखाच्या जाडीच्या जेमतेम दुप्पट, एवढं एका दिवसात. कोणी घाई केली म्हणून दीड होत नाही. हे बघा तळहातावर — पेनाच्या खुणा. दर रविवारी मी मनगटाकडून टकटक करत येते, जिथे झिणझिणी उठते तिथे टोक पोचलेलं असतं, तिथे खूण. ही पहिली. ही तिसऱ्या महिन्याची. ही परवाची, करंगळीच्या मुळाशी. काका म्हणतात, "झिणझिण्या येतात म्हणजे काहीतरी बिघडलंय, दाबून घे कोणाकडून तरी." अहो, सहा महिन्यांत तेवढीच एक चांगली बातमी आहे त्या हातात, ती दाबून टाकू?

मेंदूत आणि कण्यात मात्र असं होत नाही. तिथे धागा तुटला की तुटला. म्हणजे वाढायची ताकद थोडीफार असते त्याच्यात, पण आसपासच्याच पेशी त्याला अडवतात — वाढायचं नाही, जिथे आहेस तिथे थांब. मी हे वर्गात ऐकलं तेव्हा हसले होते. म्हटलं, हे तर आमचं घर!

पण एवढं करून तो वेळेत पोचेलच असं नाही. स्नायू किती वाट बघणार? वर्ष, फार तर दीड. नंतर ते सुकतात, तंतू येऊन दार वाजवत बसला तरी आत कोणी नसतं. म्हणून ते साडेतीन महिने मला कोणी परत देणार आहे का? आणि आला तरी प्रत्येक धागा आपल्याच नळीत शिरेल असंही नाही. या शेजारच्या बोटाला हात लावला की मला करंगळीत कळल्यासारखं होतं हल्ली, अर्धवट, लांबून. आणि तोवर? तोवर ही बोटं मला काही सांगत नाहीत. गेल्या महिन्यात इस्त्री करताना करंगळी इस्त्रीला टेकलेली होती. मला कधी कळलं? वास आला तेव्हा. मी म्हटलं, कपडा जळाला.

तुमचे डोळे सांगताहेत. विचारा ना, तू जीवशास्त्र शिकत होतीस, तुला कसं कळलं नाही? हं. कळलं होतं. दुसऱ्याच दिवशी. मी घरात एकटी असताना पेनचं टोक फिरवून बघितलं होतं, कुठपर्यंत बधिर आहे ते, आणि रेघ अगदी पुस्तकातल्या चित्रासारखी आली, अनामिकेच्या बरोबर मध्यावरून. मला नाव माहीत होतं त्या तंतूचं. परीक्षेत त्याच धड्यावर सोळा मार्कांचा प्रश्न आला, मी डाव्या हाताने कागद दाबून धरून उजव्याने लिहिला, वाकडातिकडा, पंधरा पडले. पंधरा! तुटला की काय होतं, पुन्हा कसा वाढतो, लवकर का जोडायला हवा — सगळं लिहिलं. आणि घरी येऊन गप्प बसले. का? कारण काच लागली त्या संध्याकाळी आजोबांनी माझा पट्टी बांधलेला हात स्वतःच्या तळहातावर ठेवून घेतला होता. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "ही माझ्यावर गेली." आता त्यानंतर कसं म्हणायचं, की आजोबा, हात कामातून गेलाय? मी... जाऊ द्या. हे कोणाला बोलले नव्हते. मॅडमनाही नाही. रागवायचं तर आधी स्वतःवर रागवायला हवं, ते करते मी, रोज करते, तुम्ही नका त्यात पडू.

मुद्दा तो नाही. मुद्दा आता पाच मिनिटांनी तुम्ही काय उचलणार आहात तो. मघाशी मी म्हटलं ना, निसटली? काचा निसटत नाहीत, ताई. कोणीतरी सोडतं. आणि मी सोडली नव्हती. मी दहा महिने "निसटली" म्हणतेय, काका म्हणतात, आई म्हणते, आमच्या घरात पेलासुद्धा निसटतो. आठवड्याला एक. आजोबांच्या हातातून पेला पडला की आई म्हणते, "ओला होता." शर्टाची बटणं काका लावून देतात, "घाई आहे" म्हणून. मला काही कळत नव्हतं तोवर ठीक होतं. पण हॉस्पिटलात जाऊन आले, हात बघायला शिकले, आणि एक दिवस ते जेवत असताना बघते तर — अंगठ्याच्या मुळाशी असतो ना उंचवटा, तो सपाट. दोन्ही हातांचा. वर्षानुवर्षं मनगट वाकवून जड काच धरली की मनगटाच्या बोळातून जाणारा तंतू दबत जातो. हळूहळू, न दुखता. माझा एका क्षणात कापला, त्यांचा इतकी वर्षं चिरडत होता. ते काच बोटांनी धरतच नाहीत, ताई. डोळ्यांनी धरतात. मला कसं माहीत? मीही आता तसंच धरते. बघत असलं तोवर वस्तू हातात, नजर काढली की हाताला पत्ताच नाही. काकांनी हाक मारली, आजोबांनी मान वळवली... कळलं ना? आणि हे सगळ्यांना माहीत आहे! म्हणून तर ते हल्ली काम करत नाहीत. फक्त नव्या माणसाची पहिली काच. तेवढा मान काढून घ्यायची कोणाची हिंमत नाही. मग समोरच्या टोकाला कोण उभं करायचं? ज्याला "हात मागे घ्यायचा नाही" असं आत येता येताच सांगितलंय तो. तुम्ही. आणि तुम्हाला तो नियम गोड वाटावा म्हणून मी.

— आले. बसा, उठू नका.

हो काका, बोललो आम्ही. नाही, नियम नाही पटवून दिला. देणारही नाही. व्रण दाखवला, हो, पण त्याच्यासोबत दुसरंच सांगितलं. काय ते? सांगितलं की हात म्हणजे शेपूट असता तर परत उगवला असता, पण माणूस म्हणजे पाल नाही. — नाही, मी उद्धट बोलत नाहीये. बरं, उद्धट तर उद्धट. ताई, तुम्ही तिथेच. काका, मोजे घालून, तुमच्यासोबत उचलतील त्या, शंभर काचा उचलतील. आजोबांसोबत नाही उचलणार. — चाळीस वर्षांची पद्धत असेल. मी नाही म्हणते. पद्धतीला काय, तिला मनगट नसतं. — नका ओढू त्यांना, काका! हात सोडा त्यांचा!

का म्हणजे? आजोबा, तुम्ही विचारताय? खरंच ऐकायचंय? मग माझं एक करा, फक्त एक, मग म्हणाल ते मी करेन, व्रण दाखवत दारात उभी राहीन जन्मभर. हात पुढे करा. उजवा. डोळे मिटा. मिटा ना, मला का घाबरताय, मी तुमची नात आहे. काका, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. हॉस्पिटलात माझ्याशी रोज असंच करतात. भोक पाडताना काचेची गोल चकती निघते ना, तसली एक मी तुमच्या बोटांत देणार. अंगठा आणि दोन बोटं, एवढ्यांतच. तुम्ही सांगायचं, लहान आहे की मोठी. चाळीस वर्षं काच कळते तुम्हाला, मोज्याशिवाय. सांगा.

अं? काय म्हणालात?

"दे ना मग" म्हणताय?

...दिलीय, आजोबा. मघाशीच. तुम्ही धरलीय ती.

नका उघडू डोळे एवढ्यात.

काका, सांगा आता ताईंना पुन्हा तो नियम. — सांगा की. —